नऊ आठवड्यांच्या शेपट्या

शनिवारी दुपारी शाळा सुटली की थानझामी ओसरीवर गावाने आठवडाभरात सापळ्यांत धरलेल्या उंदरांच्या शेपट्या मोजायला बसायची. दहा-दहाची एक जुडी, बांबूच्या सालीने घट्ट बांधलेली. वास कमी यावा म्हणून बायका त्या चुलीवर शेकून आणायच्या, पण वास काही जायचा नाही. गणित शिकवणाऱ्या बाईच्या नशिबी हे काम आलं, कारण सरकारला गावागणिक आकडे हवे होते आणि मुआलफेई गावात आकड्यांना न भिणारी ती एकटीच होती. निदान त्या शनिवारपर्यंत तरी भीत नव्हती.

बांबूला फुलं येऊन फळं धरली होती. अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा येणारी ही गोष्ट. फळं गळतात, उंदीर ती खाऊन माजतात, बेसुमार वितात, आणि फळं संपली की डोंगरउतारावरच्या भातात उतरतात. एका रात्रीत उतार साफ. मग वर्षभर माणसांनी काय खायचं? हा प्रश्न गावात कोणी मोठ्याने विचारत नसे. विचारला तर थानझामीच्या बापासारखी एकोणसाठ सालचा दुष्काळ पाहिलेली चार म्हातारी माणसं गप्प बसत, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायची.

"एक हजार वीस," थानझामीने वहीत लिहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

गेल्या आठवड्यात नऊशे नव्वद होत्या. त्याच्या आधी आठशे ऐंशी. म्हणजे वाढ दमली होती.

जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांच्या शिबिरात शेतीखात्याच्या एका तरुण साहेबाने आकडे मोजणाऱ्यांना वाढीची रेघ शिकवली होती. कोणताही जीव वाढतो तो आधी हळू, मग धावत सुटतो, मग खाणं आणि जागा पुरेनाशी झाली की मंदावतो, आणि शेवटी एका उंचीवर जाऊन थांबतो. कागदावर काढलं तर इंग्रजी एस अक्षर ताणून आडवं केल्यासारखं दिसतं. पोरांची उंची तशीच, ताडीतलं आंबवण तसंच, कोंबड्या तशाच आणि उंदीरही तसेच. साहेब म्हणाला होता, छप्पर शोधा. रेघ ज्या छपराला जाऊन टेकणार ते कळलं, की पुढचं सगळं कळलं. थानझामीने छप्पर शोधलं होतं. पहिल्या सहा आठवड्यांत तीस, पंचावन्न, एकशेदहा, दोनशेदहा, चारशेवीस, सातशेऐंशी, आणि मग हे तीन सुस्तावलेले आकडे. छप्पर येत होतं एक हजार पन्नासच्या आसपास. साहेबाला फोनवर आकडे वाचून दाखवले तेव्हा तोही म्हणाला, "सुंदर! पुस्तकातल्यासारखी रेघ आहे तुमची."

संध्याकाळी गावसभेच्या खोलीत तिने ती रेघ भिंतीला चिकटवली. प्रश्न एकच होता. भात अर्धं पिकलेलं, अर्धं अजून चिकात. आत्ता कापलं तर निम्मे दाणे पोचट निघणार. पंधरा दिवस थांबलं तर पूर्ण पीक हाती येईल, पण तेवढ्यात उंदीर उतरले तर एक दाणाही मिळायचा नाही.

"रेघ वाकलीय," थानझामी म्हणाली. "उंदीर वाढायचे थांबलेत. म्हणजे रानात जेवढे आहेत तेवढ्यांना बांबूचं फळ पुरतंय. एवढ्यात ते खाली यायचे नाहीत. आपण पंधरा दिवस थांबू शकतो."

"बाई, ही रेघ तुम्ही उंदरांना दाखवलीत का?" कोपऱ्यातून पू चोंगाने विचारलं. सत्तरीचा म्हातारा, तोंडाचा फटकळ, थानझामीच्या बापाचा बालमित्र; 'पू' हे मोठ्या माणसाच्या नावाआधी लावायचं, बाईच्या नावाआधी 'पी'. खोली खदखदून हसली.

"दाखवली की. म्हणाले, चोंगा आजोबांची सही आणा, मग मानू."

पुन्हा हशा. हसण्यात भीती जरा पातळ होते. गावसभेचे प्रमुख पू बियाका कपाळाला आठ्या घालून रेघेकडे बघत होते. त्यांना पाच मुलं होती. शेवटी त्यांनी मान हलवली. "थांबू या. बाई शिकलेल्या आहेत. पोचट भात घरात भरून काय करायचं?"

घरी आली तर बाप चुलीजवळच्या बिछान्यावर उठून बसलेला. बापाचं, पू हरांगाचं, फुप्फुस दोन महिन्यांपासून निकामी होत चाललं होतं. खोकला आला की सगळ्या आळीला ऐकू जायचा.

"काय ठरलं?"

"पंधरा दिवस थांबायचं, पा."

म्हाताऱ्याने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाला, "एकोणसाठातही आम्हाला वाटलं होतं उंदीर थांबले म्हणून. कशावरून वाटलं ते आता आठवत नाही बघ. पण वाटलं होतं."

थानझामीला राग आला. दिवसभर शेपट्या मोजून हात वास मारत होते आणि हा माणूस कुठल्या जुन्या भयाने तिच्या आकड्यांवर पाणी ओततोय! "तेव्हा कोणी मोजलं नव्हतं, पा," ती तुटकपणे म्हणाली आणि भाजी चुलीवर चढवली. बाप जेवला नाही.

रविवारी चर्चमध्ये नेहमीची जागा धरून ती बसली. प्रार्थना झाली, गाणी झाली, आणि मग वडीलधाऱ्यांपैकी एक जण उठून दुःखात असलेल्या घरांसाठी प्रार्थना सांगायला लागला. "लियानझुआलाची आई, दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी गेली. पू सांगकुंगा, त्याच्या पुढच्या आठवड्यात गुरुवारी. आणि आपला शाळेचा शिपाई झोमुआना, गेल्या सोमवारी."

थानझामीने डोळे मिटले होते. झोमुआनाच्या घरी तिने तिन्ही संध्याकाळी गाणी म्हटली होती, घसा बसेपर्यंत. सगळं गाव होतं. गावात माणूस गेलं की त्या दिवशी शेतावर कोणी जात नाही आणि त्या दिवसापासून तीन संध्याकाळी सगळे त्या घरात बसतात. हे कोणी कोणाला सांगत नाही. श्वास घ्या असं कोणी सांगतं का?

सगळे तिथे बसलेले. मग सापळे कोणी लावले?

तिने पुढचं बाक घट्ट धरलं. सापळे लावायचे सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी. पाच संध्याकाळी. गेल्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार झोमुआनाच्या घरी गेले. उरल्या दोन. एक हजार वीस शेपट्या दोन संध्याकाळच्या! म्हणजे एका संध्याकाळच्या पाचशे दहा. त्याच्या आधीच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार गेले. नऊशे नव्वद भागिले तीन, तीनशेतीस. त्याच्या आधी एकच शुक्रवार गेलेला. आठशे ऐंशी भागिले चार. दोनशेवीस.

दोनशेवीस, तीनशेतीस, पाचशेदहा.

कुठलं छप्पर आणि कसलं काय. उंदीर थांबले नव्हते, माणसं थांबली होती. गावाच्या रडण्याने रेघ वाकली होती आणि ती वाकडी रेघ तिने स्वतःच्या हाताने भिंतीवर चिकटवली होती. एवढे उंदीर असतील तर रानातलं फळ पंधरा दिवस काय, चार दिवस पुरायचं नाही. कदाचित संपलंही असेल. बाजूला बसलेली शेजारीण, पी रोपुई, वाकून हळूच म्हणाली, "थानी, तोंड पांढरं पडलंय तुझं. बरं वाटत नाही का?"

"नाही वाटत," थानझामी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

चर्च सुटल्यावर तिने पू बियाकांना पायरीवरच गाठलं. त्यांना एकदा सांगून कळलं नाही, म्हणून धुळीत काटकीने आकडे काढून दाखवले. भोवती माणसं जमली.

"काल म्हणालात थांबा, आज म्हणता कापा!" कोणीतरी ओरडलं. "उद्या काय म्हणाल, पेरा?"

"काल मी चुकले." तिने हातातली काटकी टाकली. "माझी चूक आहे. मला शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या, पण भात कापा. पोचट तर पोचट. निम्मं तरी घरात येईल."

पू चोंगा पुढे आला. आज त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. "तीन संध्याकाळी मीही झोमुआनाकडे गात होतो," तो म्हणाला. "माझे बारा सापळे माझ्या माळ्यावर पडून होते. मला कसं सुचलं नाही?"

प्रत्येकाचे सापळे प्रत्येकाच्या माळ्यावर पडून होते.

रविवारी विळ्याला हात लावायचा नाही, हे बदलणं कोणाच्याही बापाला शक्य नव्हतं आणि थानझामीने विचारलंही नाही. सोमवारी फटफटताच सगळं गाव उतारावर जाईल, शाळा बंद, दुकानं बंद, लहानथोर सगळे, आणि अंधार पडायच्या आत कापून वर आणायचं, असं ठरलं. कर्ण्यावरून तसं पुकारलंही. मग गर्दी पांगताना कोणीतरी, कोण ते कळलं नाही, म्हणालं, "मधेच कोणी मरू नका रे बाबांनो."

काही जण हसले. गावात माणूस गेलं तर शेत बंद. उद्या एक माणूस गेलं तर गावाचं वर्ष गेलं. आणि गावात सगळ्यांत जास्त आजारी माणूस तिच्या घरात, चुलीजवळ पडलेला होता.

ती जवळजवळ धावतच घरी गेली. बापाने कर्णा ऐकला होता.

"शहाणी आहेस," तो म्हणाला. "चूक कबूल करायला छाती लागते." मग खोकल्याची मोठी उबळ आली, आणि ती जाईपर्यंत थानझामी त्याची पाठ चोळत राहिली. हाताला हाडं लागत होती.

"थानी, ऐक. उद्या माझं काही झालं, तर माणसं परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

"पा! असलं अभद्र बोलू नका."

"एकोणसाठात माझी बहीण गेली तेव्हा गायला कोणी नव्हतं. सगळे रानात कंद खणत होते. मी आणि आई, दोघांनी पुरलं तिला. सात वर्षांची होती." तो थांबला, दम घेतला. "गाणं न मिळण्याचं मला काही वाटणार नाही. पण पुन्हा कंद खणायला माणसं जायला नकोत."

"मी असलं काही कबूल करणार नाही," थानझामी म्हणाली. "तुम्ही उद्या जिवंत राहायचं. बस. मला दुसरं काही ऐकायचं नाही." ती रागाने बोलली, पण डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाला हुकूम सोडत होती.

फटफटायच्या सुमारास आळीत पावलं वाजायला लागली. पाठीवरच्या टोपल्यांची करकर, विळ्यांचा खणखणाट, झोपेतून ओढून काढलेल्या पोरांची रड. थानझामीने बापाला ऊन चहा पाजायला डोकं उचललं. दोन घोट गेले.

"निघाले का?" त्याने विचारलं.

"निघतायत, पा."

तिसरा घोट ओठांतून बाहेर आला. तिने पुसला. पुन्हा कप लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं की छातीतली घरघर बंद झालीय. इतक्या दिवसांत ती घरघर घराचाच एक भाग झाली होती. तिने नाकाशी हात धरला, मग कान छातीला लावला. बाहेरून माणसं जातच होती. फक्त दार उघडायचं आणि एक हाक मारायची. सगळ्या टोपल्या जमिनीवर टेकल्या असत्या, सगळे आत आले असते, तिला धरलं असतं. ती एकटी राहिली नसती. तोंड उघडलंही होतं तिने.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"थानी, पू हरांगा कसे आहेत?" पी रोपुईचा आवाज. "मी निघालेय. तुमच्या वाटणीचं मी आणि पोरं कापून आणू, तू घर सोडू नकोस."

थानझामीने तोंडावर हात दाबून धरला. मग हात काढला. "आत्ताच डोळा लागलाय, पी," ती म्हणाली. "रात्रभर झोपले नाहीत."

"बरं बरं. झोपू दे."

पावलं गेली नाहीत. रोपुई तिथेच उभी होती, का ते थानझामीला कळेना. आणि मग कळलं. रोज या वेळेला खोकला येतो. सगळ्या आळीला तो पाठ आहे. भिंत बांबूची, चटईएवढी जाड.

थानझामी बापाच्या शेजारी खाली वाकली आणि खोकली. घशातून खोल, खरखरीत, त्याच्यासारखी. पुन्हा खोकली. मेलेल्या बापाच्या कानाशी आपण त्याची नक्कल करतोय, देव बघतोय, बाप बघतोय, असं काहीबाही डोक्यात आलं.

बाहेरची पावलं निघून गेली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. चूल विझू दिली नाही, कारण धूर दिसला नसता तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या चौकशीला आल्या असत्या. भारे घेऊन माणसं तासातासाला वर येत, आळीतून जात, रिकाम्या टोपल्या घेऊन परत उतरत. पावलं जवळ आली की ती खोकायची. दुपारपर्यंत तिचा घसा सोलून निघाला. बापाचे हात गार झाले, मग ताठले. तिने त्याचं तोंड पुसलं, केस विंचरले, आणि मोठ्याने रडता येईना म्हणून गोधडीचा बोळा दातांत धरला. मधेच तिला भलतंच भय वाटलं, हे सगळं फुकट असेल तर? आजचा हिशोबही चुकला असेल तर? उंदीर आलेच नाहीत तर बापाला एक दिवस बेवारशासारखं ठेवल्याचं पाप तेवढं उरेल. आणि उंदीर दुपारीच आले तर? कान उताराकडे लावून ती बसली होती. माणसांच्या हाकांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

ऊन कलल्यावर माणसं परतली ती रिकाम्या टोपल्या घेऊन परत उतरलीच नाहीत. शेवटचे भारे आले. पत्र्याच्या कोठ्या बंद झाल्याचे आवाज एकामागून एक ऐकू आले. थानझामी उठली, आणि दार उघडायला हात पुढे केला तर दार बाहेरून उघडलं.

पी रोपुई होती. अंगभर भाताची कुसळं, पाय चिखलाने बरबटलेले. ती काही न विचारता आत आली, घड्यातल्या पाण्याने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "कुठला सदरा घालायचा त्यांना?"

थानझामी खालीच बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"पू हरांगा दोन खोकल्यांच्या मधे दम घ्यायचे. तू घेतला नाहीस." रोपुईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सकाळीच कळलं मला. दाराशी उभी राहिले, म्हटलं आत जावं. मग विळा उचलला आणि गेले. मलाही क्षमा कर, पोरी."

"आणखी कोणाला...?"

"आळीला. चोंगाने जाताना तुझ्या दारासमोर टोपी काढली. दिवसभर त्याच्या मागे सगळे टोपी काढून जात होते. तू दार लावून बसलीस, तुला कसं दिसणार?"

तेव्हा कुठे थानझामी मोठ्याने रडली. दिवसभराचं कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं आणि कर्ण्यावरून पू हरांगाचं नाव पुकारलं जात असताना ती रोपुईच्या चिखलाने माखलेल्या मांडीवर डोकं घालून हुंदके देत होती.

तासाभरात घर भरलं. ओसरी भरली, रस्ता भरला. कोणी हातपायही नीट धुतले नव्हते. पू बियाकांनी प्रार्थना सांगितली आणि ढोलावर थाप पडून गाणं सुरू झालं. दिवसभर कापणी करून थकलेले आवाज, पण शंभर-दीडशे होते.

दुसरं कडवं चाललं असताना बाहेरच्या बाजूला गाणाऱ्या बायका एकेक गप्प व्हायला लागल्या. मग ओसरीवरची माणसं गप्प झाली. मग घरातली. ढोलावरचा हात थांबला.

गावाखालच्या उतारावरून आवाज येत होता. सुकल्या पानांवर वाळू ओतावी तसा, पण न थांबणारा, आणि त्यात मधे मधे बारीक चिरकणं. अजून पुरता काळोखही झाला नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्यांना दिसतही होतं, कापलेल्या भाताचा सगळा उतार हलत होता. पोरांना आयांनी उचलून घेतलं. पाचशेदहा हा आकडा थानझामीला पोरखेळ वाटला. हे मोजण्यातलं काही नव्हतंच.

कोणी जागचं हललं नाही.

बिछान्याच्या पायथ्याशी पू चोंगा बसला होता. त्याने हात काखेत दाबून धरले होते. मित्राच्या मिटलेल्या तोंडाकडे वाकून तो नेहमीच्या फटकळ सुरात म्हणाला, "हरांगा, ऐकतोस ना? या खेपेला त्यांना उशीर झाला."

मग त्याने घसा साफ केला आणि मोडलेलं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं.